गांजाच्या झाडांची एकादशी

ज्या कुणी साहेबानं हा नियम लिहिला, त्यानं तो कुठूनतरी ऐकून लिहिला, आणि ऐकून लिहिलाय हे दडवून खाली सही ठोकली. आरोप सरळ आहे. साहेबाचं नाव इथं घेत नाही, कारण अशा साहेबांना नाव नसतं, हुद्दा असतो. आणि हुद्द्याला लाज नसते. नियम असा: काढणीआधी दोन आठवडे गांजाच्या झाडांचं खत बंद करावं आणि त्यांना निव्वळ पाणी पाजून आतून धुऊन काढावं. त्या धंद्यात याला 'फ्लश' म्हणतात. फ्लश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घरातली एकच खोली येते, पण तो दोष आपला. नियमाशेजारी 'कारण' असा एक रकाना होता आणि त्यात दोन शब्द होते: शुद्धता, चव. कुणाची शुद्धता, कुणी चाखली, काही पत्ता नाही. सुचेता निमकर या बाईनं एवढंच विचारलं, तर तिला वेड्यात काढलं.

गैरसमज नको. सुचेता कुठल्या टोळीत नाही. इंग्लंडात बेसिंगस्टोकचं बिझनेस पार्क संपून शेतं सुरू होतात तिथं एक मोठं काचघर आहे. त्याला दुहेरी कुंपण आहे, कोपऱ्या-कोपऱ्यात कॅमेरे आहेत, होम ऑफिसचा, म्हणजे तिथल्या गृहखात्याचा, परवाना आहे, आणि आत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधासाठी गांजा वाढतो. एक पान गळालं तरी त्याची नोंद होते. आपल्याकडे जन्ममृत्यूची एवढी चोख होत नाही. सुचेता तिथं क्वालिटीत. नाशिकला बी.फार्म. केलेली, नवऱ्याच्या, म्हणजे जयंतच्या नोकरीमागून इथं आलेली, आणि 'तुम्ही आमच्यासाठी जरा जास्तच शिकलेल्या आहात' असं दहा ठिकाणी गोड आवाजात ऐकून घेतलेली बाई. तिचं काम एकच. कार्यपद्धतीतलं प्रत्येक वाक्य वाचायचं, त्याचं कारण तपासायचं आणि सही करायची. तिची सही म्हणजे 'मला कळलं आणि पटलं'. ही सही तिनं आजवर न पटता कुठेही केली नव्हती. अपवाद लग्नाच्या रजिस्टरचा, असं जयंत म्हणतो.

तर तिनं मीटिंगमध्ये विचारलं की धुऊन नक्की काय जातं, आणि ते गेल्याचं कुणी मोजलंय का. मुख्य माळी डंकन, पांढरी पोनीटेल बांधणारा, अर्धं आयुष्य टोमॅटोत आणि उरलेलं गांजात घातलेला माणूस, म्हणाला की सगळेच करतात. मॅनेजर फिलिपा म्हणाली, "दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग पॉइंट, सुचेता." ज्यांनी या देशात चार वर्षं काढली आहेत त्यांना सांगायला नको. इंग्रज माणूस 'इंटरेस्टिंग' म्हणाला की समजावं, आपण मूर्ख ठरलो. 'व्हेरी' लागलं तर आपली बदली जवळ आली.

आणि तसंच झालं. फिलिपानं तिला बाजूला घेऊन सांगितलं की ईस्टरनंतर तपासणी आहे, तोवर त्या पानावर सही हवी. बाकी जबरदस्ती अजिबात नाही. सही करणं जड जात असेल तर लेबलं चिकटवण्याच्या विभागात एक जागा आहे, तिथं काही पटवून घ्यावं लागत नाही.

सुचेता घरी आली ती धुमसत. जयंतनं तिला चहा दिला आणि सल्लाही दिला, दोन्ही कोमट. "कर ना सही. मी रोज पन्नास पॉलिसीज न वाचता अ‍ॅक्सेप्ट करतो. जग चाललंय ना?" जग कसं चाललंय ते जयंतच्या बँकेच्या सॉफ्टवेअरवरून दिसतच होतं.

पण तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. हा प्रकार तिनं कुठेतरी पाहिला होता. चांगलं खातंपितं झाड, त्याचं खाणं ऐन वेळी तोडायचं, पाण्यावर ठेवायचं, पिवळं पडलं की 'बघा कसं शुद्ध झालं' म्हणायचं. अहो, हा उपास. ही सरळसरळ एकादशी. नुसतं पाणी चालतं म्हणजे निर्जळीसुद्धा नाही. आणि व्रताचं असतं तसंच सगळं: पहिल्यांदा कुणी सांगितलं ते ठाऊक नाही, मोडलं तर काय होईल ते ठाऊक नाही, पण मोडायची छाती कुणाची नाही. सुचेता स्वतः लग्नानंतर बारा वर्षं सोळा सोमवारांतून बाहेर पडायला धडपडली होती, तिला हे ओळखायला वेळ लागला नाही. फरक एवढाच की इथं व्रत झाडं करत होती आणि पुण्य नियम लिहिणाऱ्या सल्लागार साहेबाला लागत होतं.

सल्ले मात्र थांबेनात. निफाडचा तिचा भाऊ शार्दूल कांदा पिकवतो. त्याला फोनवर 'एका औषधी झाडाला' असं मोघम सांगून विचारलं, तर तो खवळला. काढणीआधी पाणी तोडायचं असतं, पाजायचं कसलं? कांद्याला शेवटी पाणी दिलंस तर चाळीत महिनाभर टिकणार नाही, ऊस असो, कांदा असो, शेवटी ताण द्यायचा; हे उलटं शास्त्र कुठल्या शहाण्यानं काढलं? म्हणजे अर्धं जग म्हणतं पाणी तोडा, अर्धं म्हणतं पाणी ओता, आणि दोघंही आपापल्या ठिकाणी छातीवर हात ठेवून सांगतात. दोन दारं सोडून राहणारी शिल्पा, इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, तिनं तर निकालच लावला. "अगं, काहीतरी असेलच ना त्यात. उगाच का एवढे लोक करतात?" या एका वाक्यानं मानवजातीचं जेवढं नुकसान केलंय तेवढं प्लेगनं केलेलं नाही.

सुचेतानं रीतसर मार्ग धरला. एका खोलीतली झाडं न धुता काढून पाहू, असा अर्ज केला. उत्तर आलं की बदलासाठी धोक्याचा आढावा लागेल. आढाव्यासाठी आकडे लागतील. आकड्यांसाठी प्रयोग लागेल. प्रयोग म्हणजे बदल, त्यामुळे त्यासाठी आधी बदलाचा अर्ज करावा. सुचेतानं हे वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मायदेशाच्या आठवणीनं तिचा ऊर भरून आला.

मग प्रयोगाचं घोडं घरातच दामटायचं ठरलं. गांजा नाही तर गांजासारखं वासाचं दुसरं झाड. आणि ते घरात हवंच होतं. तिच्या सासूबाई, माई, पुण्याहून हिवाळ्यासाठी आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून तुळशीवाचून कासावीस होत्या. विलायतेतल्या प्रत्येक मराठी घरात एक मेलेली तुळस असते. उन्हाळ्यात वेम्बलीच्या देशी बाजारातून मांडीवर बसवून आणायची, सप्टेंबरपर्यंत तिचं कौतुक करायचं, ऑक्टोबरात ती काड्या होऊन उभी. तुळशीचं लग्न लोक काड्यांशीच लावतात. कृष्ण काही बोलत नाही, तो निभावून नेतो.

तर सुचेतानं वरची चिंचोळी खोली रिकामी केली. त्यात लेकीचं, ईशिताचं, ड्रम वाजवण्याचं सामान होतं. "आई, तू माझा खोली घेतला," असं ती म्हणाली, आणि तिचं दुःख इतकं खरं होतं की व्याकरण कुणी सुधारलं नाही. घरात झाडं वाढवायचा चंदेरी तंबू, जांभळे दिवे, पंखा आणि हिरव्या रंगाचं पातळ खत आणायला सुचेता एका दुकानात गेली. दुकानदाराच्या मानेवर कोळी गोंदलेला. त्यानं विचारलं काय लावणार. ती म्हणाली, तुळस. आमच्यात पूजा करतात. तो म्हणाला, हो हो, इथं सगळे टोमॅटोच लावतात, आणि डोळा मारला. पस्तिशी ओलांडल्यावर सुचेताला कुणी डोळा मारला नव्हता. तिनं पावती मागून घेतली.

बिया उगवल्या. तुळस माजली. इतकी की खोलीच्या बंद पडद्यातून जांभळा उजेड आणि खिडकीच्या फटीतून घमघमाट बाहेर पडू लागला. समोरचे म्हातारे गृहस्थ, ज्यांनी याआधी फक्त कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर काढला म्हणून संपर्क साधला होता, त्यांनी आपलं नागरिकाचं कर्तव्य बजावलं. एका सकाळी दारात कम्युनिटी पोलिसातली एक तरुण मुलगी उभी राहिली. फार सभ्य. बूट काढू का म्हणाली.

सुचेतानं तिला वर नेलं, तंबू उघडला. आत तुळशींच्या रांगा, प्रत्येक कुंडीला हळदकुंकू, आणि मध्ये स्टुलावर बसून विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या माई. पोलीसबाईनं एक पान हुंगलं, हसली, सॉरी म्हणाली. प्रकरण मिटलंच होतं. पण जाता जाता, फॉर्मला हवं म्हणून तिनं विचारलं की तुम्ही काम काय करता.

सुचेता खोटं बोलत नाही. हा तिचा रोगच आहे. ती म्हणाली, "मी गांजा पिकवणाऱ्या कंपनीत आहे."

मग पुन्हा वर जाणं आलं. पुन्हा तंबू. प्रत्येक कुंडी वेगळी हुंगणं आलं. परवान्याचा फोन फिलिपाला गेला, आणि फिलिपानं खात्री दिली की होय, मिसेस निमकर आमच्याच आहेत, आणि सध्या त्या अत्यंत इंटरेस्टिंग काम करत आहेत. समोरचे गृहस्थ पडद्याआडून सगळं बघत होते. सुचेताच्या घराण्यात आजोबांपासून कुणी पोलीस चौकीची पायरी चढलेलं नव्हतं, आणि इथं पोलीस तिच्या गालिच्यावरून मोज्यांत फिरत होते.

दुसरा घोटाळा जास्त नाजूक होता. माईंना आजवर 'औषध कंपनी' एवढंच सांगितलेलं. आता पोलीस कशाला आलेत, हे त्यांनी नातीला विचारलं, आणि ईशितानं आपल्या परीनं नेमकं सांगितलं: "आजी, आईचा ऑफिस गांजा बनवतो." माई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, आल्याचा चहा टाकला, सगळ्यांना दिला, पोलीसबाईला बिस्किटंही दिली. ती गेल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर लिहून देतात ना? मग झालं. तुझ्या सासऱ्यांच्या खोकल्याच्या औषधात काय असायचं, ते मला ठाऊक आहे." सुचेताला रडू यायचं बाकी राहिलं. दोन वर्षं जी गोष्ट लपवायला तिनं एवढी धडपड केली, ती माईंनी चहाबरोबर गिळून टाकली.

आता प्रयोग. मार्च लागला तशी सुचेतानं अर्ध्या कुंड्यांना लाल दोरा बांधला, अर्ध्यांना पांढरा. दोन बादल्या ठेवल्या. लाल दोऱ्याला हिरवं खत घातलेलं पाणी, पांढऱ्याला निव्वळ. ती दिवसभर कामावर, म्हणून पाणी घालायचं काम माईंकडे. सगळं नीट समजावलं. पांढऱ्यांना दोन आठवडे काही नाही, फक्त पाणी. माईंनी मान हलवली. माईंची मान गेली पन्नास वर्षं सगळ्यांपुढे हलत आलेली आहे आणि घर मात्र त्यांच्याच मताप्रमाणे चाललेलं आहे, हे सुचेतानं ध्यानात घ्यायला हवं होतं.

पांढऱ्या दोऱ्याची पानं पिवळी पडायला हवी होती. ती पडली नाहीत. सुचेताला वाटलं, आधीचं खत मुरलेलं असेल. तिला उलट आनंदच झाला.

वासाची परीक्षा मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात घ्यायची ठरली. वास ओळखण्यात या बायकांचा हात धरणारं कुणी नाही. गोडा मसाला कुणाच्या सासरचा आहे हे त्या बरणी न उघडता सांगतात. डंकनला कळलं तेव्हा तोही म्हणाला, मी येतो. वीस वर्षं नाकावर जगलोय, मला कळेल. सुचेताची योजना अशी होती की पानं खुडून वाट्यांत ठेवायची, वाट्यांवर फक्त आकडे, कुठली कुठली ते कुणालाच कळू द्यायचं नाही, तिलासुद्धा नाही.

पण हळदीकुंकू होतं रविवारी, कारण इथं सगळे देव शनिवार-रविवारीच मोकळे असतात. आणि माईंनी सकाळी कात्री हातातून काढून घेतली. रविवारी तुळस तोडत नाहीत. शनिवारी का नाही सांगितलंत, असं सुचेतानं विचारलं, तर शनिवारी कुणी विचारलं नाही. वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेवटी माईंनीच तोड काढली: पान झाडावरच चुरडून बोटं हुंगली तर चालतं. म्हणून जयंतच्या गाडीतून अख्ख्या कुंड्याच हॉलवर गेल्या. दोऱ्यांसकट.

हॉलमध्ये कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, पैठण्यांची सळसळ, आणि मधोमध डंकन. कुणीतरी उत्साहानं त्याला कुंकू लावलं होतं आणि ओंजळीत हरभरे दिले होते. त्यांचं करायचं काय हे न कळून तो ते मुठीत धरून उभा होता. सुचेतानं सांगितलं की दोन्ही रंगांच्या तुळशींचा वास घ्या आणि कुठला चांगला ते सांगा, बाकी काही विचारू नका. तेवढ्यात शिल्पा माईक हातात असल्याच्या आवाजात म्हणाली, "त्यात विचारायचं काय? पांढरा दोरा म्हणजे उपासाची. ते दिसतंच आहे."

संपलं. पुढच्या अर्ध्या तासात सुचेतानं आपल्या डोळ्यांनी आपला पराभव पाहिला. एकेक बाई आली, चुरडलं, हुंगलं आणि पांढऱ्या दोऱ्याकडे गेली. एकीला पांढरीचा वास हलका वाटला, दुसरीला लालमध्ये औषधाचा दर्प आला, तिसरीनं डोळे मिटून 'सात्त्विक' असा शब्द काढला आणि मग तो सगळ्यांनीच धरला. डंकननं सगळ्यात जास्त वेळ घेतला. दोन्ही हातांची बोटं आळीपाळीनं हुंगून तो हळूच म्हणाला की सुचेता, वाईट वाटून घेऊ नकोस, पण पांढरी स्वच्छ आहे, अगदी स्पष्ट. तो मनापासून म्हणाला. हेच तर जिव्हारी लागलं. शिल्पानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. बघ, काहीतरी असतंच त्यात.

सुचेता खुर्चीवर बसली. लेबलांचा विभाग तिला डोळ्यांपुढे दिसू लागला. सकाळी लेबलं, दुपारी लेबलं, आणि आयुष्यभर शिल्पा. सोमवारी जाऊन सही करून टाकावी, असं तिनं ठरवलंसुद्धा. निदान हरलेल्या माणसाला लेबलं चिकटवावी लागणार नाहीत.

माई कोपऱ्यात बसून हे ऐकत होत्या. आधी कपाळाला एक आठी होती, मग दोन झाल्या. 'उपाशी ठेवलेली तुळस' असं चौथ्यांदा कुणीतरी म्हटल्यावर त्या उठल्या.

"उपाशी कोण?" त्या म्हणाल्या. "माझ्या घरची तुळस उपाशी? दोन्ही बादल्यांत पहिल्या दिवसापासून मी ते हिरवं टॉनिक घालतेय. एका रांगेत बसवायचं आणि निम्म्यांना वाढायचं, निम्म्यांना नाही? पंक्तिप्रपंच करायला मला कुणी शिकवलेलं नाही. ही सगळी जेवलेली आहेत."

 सुचेतानं हे वाक्य मनात एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना ती उठून उभी राहिली. म्हणजे पांढरा दोरा आणि लाल दोरा यांत दोऱ्याखेरीज काहीच फरक नव्हता. म्हणजे हा हलका वास, तो दर्प, ते सात्त्विक, हे सगळं या बायकांनी, आणि वीस वर्षांच्या नाकानं, शिल्पाच्या एका वाक्यातून हुंगलं होतं. ज्या प्रयोगाचा माईंनी पार चुथडा केला, त्या चुथड्यानं जे सिद्ध झालं ते नीट केलेल्या प्रयोगानं कधी झालं नसतं. तिनं माईंना भर हळदीकुंकवात वाकून नमस्कार केला. माईंना वाटलं, सुनेला उशिरा का होईना पंक्तिप्रपंच कळला.

डंकनला हे इंग्रजीत समजावलं जयंतनं. त्याचा चेहरा आधी कुंकवासारखा झाला. मग त्यानं मुठीतले हरभरे एकेक करून खाल्ले, सगळे, आणि शेवटचा गिळून म्हणाला, "माझी खोली घे. चार नंबरची. जबाबदारी माझी." शहाणा माणूस आणि साहेब यांत एवढाच फरक असतो. शहाण्याला स्वतःचा राग येतो, साहेबाला दुसऱ्याचा.

मुख्य माळ्यानंच लेखी मागितल्यावर फिलिपाचा गोल फिरणारा अर्ज एकदाचा सरळ झाला. ईस्टरनंतरच्या तपासणीत त्या पानावर 'प्रयोग चालू' असा शेरा मारून निभावलं. चार नंबरच्या खोलीतल्या निम्म्या झाडांना शेवटपर्यंत जेवण मिळालं, निम्म्यांना नाही, आणि या वेळी बादल्या माईंपासून वीस मैलांवर होत्या. माल वाळवला, मुरवला, लॅबला पाठवला. लॅबचं उत्तर आलं की तुम्ही पाठवलेल्या दोन गोष्टींत आम्हाला काही फरक सापडत नाही, पाठवताना चूक तर नाही ना झाली.

आता त्या सल्लागार साहेबांना आणणं भाग होतं. ते लंडनहून आले. लिननचं जाकीट, उघडे घोटे. आल्याबरोबर त्यांनी सांगितलं की लॅबचं यंत्र ठीक आहे, पण खरं यंत्र इथं असतं, आणि नाकावर टिचकी मारली. सुचेताला हेच हवं होतं. टेबलावर बरण्या मांडलेल्या होत्या, वर फक्त आकडे. भरल्या होत्या गोदामातल्या माणसानं, आणि त्याला डंकननं टेबलाच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. साहेब नाकानं कांदे सोलत एकेका बरणीवर वाकले. ही स्वच्छ, म्हणाले. हिच्यात रसायन आहे, घशाला लागेल. ही उत्तम धुतलेली. आणि ही, शी, ही तर मी रुग्णाला देऊच शकणार नाही.

गोदामातल्या माणसाला बोलावलं. त्यानं कागद वाचून दाखवला. साहेबांची उत्तम धुतलेली बरणी शेवटच्या दिवसापर्यंत पोट भरून जेवलेली होती. आणि जी त्यांनी शी म्हणून दूर सारली ती, आणि जी स्वच्छ म्हणून जवळ ओढली ती, दोन्ही एकाच पिशवीतून भरलेल्या होत्या. सुचेतानंच तसं सांगून ठेवलं होतं. एकच तुळस दोन कुंड्यांत असू शकते, हे ती शिकली होती.

कुणी हसलं नाही. इंग्रजांत अशा वेळी हसत नाहीत, चहा विचारतात. फिलिपानं विचारला. डंकननं खिडकीबाहेर बघत खूप जोरात नाक शिंकरलं. साहेब म्हणाले की नमुना लहान आहे. सुचेता म्हणाली, मान्य. मोठा घेऊ, तुम्ही म्हणाल तेवढा, आणि तुम्ही रोज या. साहेब म्हणाले, हे सगळं व्हेरी इंटरेस्टिंग आहे. यावर फिलिपानं, ईश्वर तिचं भलं करो, पेन उचललं आणि फ्लशच्या नियमावर एक आडवी रेघ मारली. त्या काचघरातली झाडं त्या दिवसापासून मरेपर्यंत दोन वेळ जेवतात. बाकीच्या जगात काय करायचं ते जगानं स्वतः मोजून ठरवावं, कुणाचं ऐकून नाही, आमचंही नाही.

फिलिपानं ते पान सुचेतापुढे सरकवलं. आता तर सही करशील ना, असं ती हसून म्हणाली. आणि लेबलांचा विषय तर गैरसमजातून निघाला होता. सुचेतानं पेनचं टोपण काढलं. रेघ पाहिली, सुरेख रेघ होती. आयुष्यात एखादीच रेघ माणसाला इतकी सुंदर दिसते. सही करायला तिनं हात टेकवला आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, रेघेखालचं पुढचं वाक्य वाचलं.

'काढणीआधी दोन दिवस झाडे पूर्ण काळोखात ठेवावीत.' शेजारी, कारणाच्या रकान्यात, एकच शब्द: सर्वमान्य.

तिनं टोपण पुन्हा लावलं. साहेब जाकीट सावरत दारापर्यंत पोचले होते.

"साहेब, बसा," ती म्हणाली. "हा काळोख कशासाठी? सर्वमान्य म्हणजे कुणाकुणाला मान्य, आणि त्यातल्या किती जणांनी दिवा लावून पाहिलंय? मला कुठं जायचं नाही. सांगा."